रेफरची चिठ्ठी आणि घरचा हिशेब

भामरागडच्या आतल्या एखाद्या गावात जुलैच्या पावसात माणूस तापानं फणफणला, की घरात पहिला प्रश्न औषधाचा नसतो. नाल्याला पाणी किती आहे, रोवणी किती उरली आहे, सोबत कोण जाणार, लेकरांजवळ कोण राहणार आणि दवाखान्यात गेल्यावर आपल्या वतीनं बोलणार कोण, हे सगळं आधी ठरावं लागतं. ते ठरेपर्यंत एक रात्र जाते, कधी दोन. मग आरोग्य केंद्रातला डॉक्टर केसपेपरवर ‘ताप, तीन दिवस’ असं लिहितो आणि विचारतो, ‘इतक्या उशिरा का आणलं?’ चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हा प्रश्न गेली कित्येक दशकं विचारला जातो आहे. त्याचं उत्तर लिहून ठेवायला केसपेपरवर रकाना नाही.

या दोन जिल्ह्यांतल्या आरोग्यसेवेबद्दल बोलताना आपण सहसा इमारती, रिक्त पदं, रुग्णवाहिका आणि मृत्युदर यांच्याबद्दल बोलतो. ते बोलायलाच हवं. पण सगळी सेवा जिच्यासाठी आहे ती व्यक्ती हे सारं कसं पाहते, हा प्रश्न मागे पडतो. ती उशिरा का येते, अर्ध्यातून का निघून जाते, गोळ्या का टाकून देते, याला ‘अज्ञान’ हा एकच शब्द वापरून आपण मोकळे होतो. माझं मत असं आहे की यातले बहुतेक निर्णय विचार करून घेतलेले असतात. ज्यांनी तो विचार समजून घेतला त्यांचे दवाखाने चालले, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांच्या वॉर्डांतून पेशंट ‘डामा’, म्हणजे डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध निघून, जात राहिले.

भूगोल थोडक्यात सांगायला हवा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४ हजार ४१२ चौरस किलोमीटरचा आहे, त्यातला तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग जंगल. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ७२ हजार, त्यात आदिवासी ३९ टक्क्यांच्या जवळपास. सिरोंचाहून जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरवर, म्हणून तिथला रुग्ण नदी ओलांडून तेलंगणात जातो. वडसा-आरमोरीचा माणूस वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरीला. भाषा तर बारा वाटांनी येतात: भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंचात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या निर्वासित वसाहतींत बंगाली, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी आणि गोंडी, वैनगंगेच्या काठाला झाडीबोली. पुणे-सोलापूरकडून बदली होऊन आलेला तरुण डॉक्टर आणि त्याच्यासमोरची माडिया बाई एकमेकांना किती कळत असतील, याचा विचार करून पाहावा. ‘जीव घाबरतो’, ‘अंग मोडून येतं’, ‘पोटात गोळा येतो’ हे मराठीत सांगतानाही शब्द अपुरे पडतात. इथे तर भाचा किंवा अंगणवाडीताई मध्ये उभी राहून सांगणार, आणि बाईच्या अंगावरून पांढरं जातं हे भाच्यासमोर ती सांगणारच नाही.

ऐकून घेण्याची कमतरता फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९८४ साली ७४ भेटींचा अभ्यास झाला. डॉक्टर रुग्णाचं पहिलं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडतात, असं त्यात दिसलं. २०१७च्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात भारतातली तपासणी सुमारे दोन मिनिटांची निघाली. स्वीडनमध्ये ती बावीस मिनिटांच्या वर आहे. दोन मिनिटांत दुभाष्यासकट किती ऐकून होईल?

‘रेफर’ या शब्दाला इथे स्वतंत्र अर्थ आला आहे. उपकेंद्रातून आरोग्य केंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथून गडचिरोली किंवा चंद्रपूर, आणि शेवटी नागपूरचं मेडिकल. डॉक्टरच्या बाजूनं ती चिठ्ठी म्हणजे अधिक चांगल्या उपचाराची सोय. घरच्यांच्या बाजूनं ती अनोळखी शहरात जाण्याचा हुकूम असते. तिथे खिडकी शोधायची, चिठ्ठी काढायची, एक्सरे कुठे आणि रक्त कुठे हे विचारत फिरायचं, रात्री व्हरांड्यात झोपायचं. २ जुलै २०१२ला राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होतं. पुढे तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं. या योजनेनं शस्त्रक्रियेचा, औषधांचा खर्च उचलला, परतीच्या एसटीच्या तिकिटाचाही विचार केला. हे मोठं काम आहे. पण सोबतच्या माणसाची पंधरा दिवसांची मजुरी आणि त्याच दिवसांत निघून गेलेला तेंदूपत्त्याचा हंगाम तिच्यात मावत नाही. तेंदूचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, आणि त्यावर घरात वर्षाचा रोख पैसा येतो. मे महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन पुढे ढकलणारा माणूस अडाणी नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी घरचे डॉक्टरला कधीच सांगत नाहीत. माणूस तिकडेच गेला तर त्याला गावी कसं आणायचं? २०२४च्या सप्टेंबरात अहेरी तालुक्यातल्या एका आईवडिलांनी तापानं गेलेल्या दोन लहान मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलाची पंधरा किलोमीटर वाट तुडवली. ती चित्रफीत साऱ्या महाराष्ट्रानं पाहिली. आधी मुलांना पुजाऱ्याकडे नेलं होतं, यावर बरीच चर्चा झाली. शववाहिकेची वाट न पाहता ते का निघाले, याची त्या मानानं कमी झाली. ज्या घरानं असं एकदा पाहिलं, ते घर पुढच्या वेळी रेफरची चिठ्ठी घेईल आणि बस गावाकडची पकडेल.

बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करताना सिरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये उशिराचे तीन टप्पे मांडले: जायचं ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार सुरू होण्यातला. आपल्याकडची बहुतेक चौकशी पहिल्या टप्प्यावर, म्हणजे घरच्यांवर येऊन थांबते. प्रत्यक्षात पहिला उशीर बाकीच्या दोघांच्या अनुभवातूनच तयार होतो. मागच्या वेळी रस्त्यात खाट खांद्यावर घ्यावी लागली आणि पोचल्यावर कुलूप दिसलं, की यंदा ठरवायला वेळ लागणारच. राज्यात आदिवासी भागांसाठी आलेली ‘माहेरघर’ योजना यावरचा शहाणा उपाय आहे. दिवस भरण्याआधीच गरोदर बाईनं आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं, सोबत आई-सासू आणि लहान लेकरू चालेल, बुडीत मजुरीची भरपाई मिळेल. कल्पनेत बाईच्या बाजूचा विचार आहे. अंमलात मात्र भरपाई वेळेवर आली का, चूल नीट आहे का, घरच्या जनावरांकडे कोण पाहतंय, यावर माहेरघर भरलेलं की रिकामं ते ठरतं.

याच भूमीत रुग्णाला आधी विचारण्याचे काही मोठे प्रयोग झाले आहेत. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे झोपडीत राहू लागले. सुरुवातीला माडिया लोक त्यांना पाहून दूर जात. मिरगीच्या झटक्यात विस्तवात पडून भाजलेला एक रुग्ण त्यांच्या हातून बरा झाला आणि मग माणसं येऊ लागली, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तिथे रुग्णासोबत सगळं घर येऊन राहू शकलं, आवारात चूल मांडू शकलं. भाषा डॉक्टरांनी शिकून घेतली. दवाखान्याच्या वेळा ठरवताना दोन दिवस चालत येणाऱ्या माणसाला ‘ओपीडी संपली’ असं सांगायचं नाही, हे गृहीत होतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. आदिवासींसाठी दवाखाना बांधण्याआधी त्यांनी गावोगावी विचारलं की तुम्ही सरकारी दवाखान्यात का जात नाही. लोकांनी जे सांगितलं ते कुठल्याही वास्तुशास्त्रज्ञाच्या डोक्यात आलं नसतं. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. तिथे पांढऱ्या कपड्यांतली माणसं फिरतात, आमच्याकडे पांढरं मेलेल्याच्या अंगावर घालतात. नातेवाइकांना बाहेर काढतात, मग आजारी माणूस एकटा पडतो. आणि तिथे आमचा देव नाही. या उत्तरांतून चातगावजवळच्या शोधग्रामात गोंडी गावासारखा दवाखाना उभा राहिला: झोपड्यांसारखे वॉर्ड, नातेवाइकांना सोबत राहायची मुभा, गावानं एकत्र जमायच्या घोटुलाच्या धर्तीवर बसायची जागा, आणि नाव माँ दंतेश्वरी दवाखाना. देवीची जत्रा आणि तिच्यासोबत भरणारी आदिवासी आरोग्य संसद इथलीच. कोणत्या आजारावर आधी काम करायचं, हे तिथे गावांचे प्रतिनिधी सांगतात.

असं विचारण्याची सवय त्यांनाही धड्यातूनच लागली, आणि हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं आहे. सुरुवातीच्या काळात त्यांनी जिल्ह्यातल्या सिकलसेलचा अभ्यास केला. शास्त्राच्या दृष्टीनं तो महत्त्वाचा होता, लोकांनी त्यात रस घेतला नाही. त्या वेळी या रोगावर देण्यासारखं फारसं काही नव्हतं. रक्त तपासून फक्त नाव कळणार होतं. लोकांची उदासीनता त्या दिवसांत पूर्ण व्यवहार्य होती. आज चित्र वेगळं आहे. हायड्रॉक्सीयुरिया या औषधानं दुखण्याचे झटके कमी होतात, १ जुलै २०२३पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, गावोगावी रक्त तपासलं जातं आणि कार्ड हातात येतं. आता आजारी पोराचा प्रश्न निराळा आहे. हाडं फोडून काढल्यासारखी दुखत असताना त्याला वॉर्डात कोणी खरं मानेल का, की ‘नाटक करतो’ म्हणून वेदनाशामकाला उशीर होईल? गोळी दर महिन्याला तालुक्याला मिळेल का? आणि कार्डावरचा शिक्का लग्न जमवताना आडवा येईल का? मोहिमेच्या अहवालात तपासलेल्यांची संख्या असते. हे तीन प्रश्न त्यात धरले तर त्या संख्येला अर्थ येईल.

बायकांच्या बाबतीत ऐकून घेण्यानं जगाच्या वैद्यकशास्त्राचीच दिशा बदलली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बंग दांपत्याचा अभ्यास आला. गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली होती. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच सरकारच्या आणि जागतिक संस्थांच्या यादीत होतं. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, मूल न होण्याचं दुःख या गोष्टी बाई वर्षानुवर्षं अंगावर काढत होती, कारण विचारणारं कोणी नव्हतं आणि तपासणाऱ्यांत बाई नव्हती. गडचिरोलीच्या माडिया गावांतलं कुर्माघर हाही याच प्रश्नाचा भाग. पाळीच्या दिवसांत बाईनं गावाबाहेरच्या त्या झोपडीत राहायचं. तिथे साप-विंचवाची भीती, पाऊस, अंधार. जास्त रक्तस्राव झाला तरी हाक मारायला जवळ माणूस नाही. तरीही कामातून चार दिवस सुटका म्हणून काही बायकांना ती जागा हवीशीही वाटते. नुसत्या बंदीच्या भाषेत बोलणाऱ्यांनी हे दुसरं म्हणणंही ऐकायला हवं.

बाळाच्या बाबतीतली गोष्ट विस्तारानं सांगण्याजोगी आहे. न्यूमोनियाला इथले लोक ‘डब्बा’ म्हणतात. बाळाचं पोट उडायला लागतं, हे आईला डॉक्टरच्या आधी दिसतं. प्रश्न होता तो मोजण्याचा, कारण गावातल्या सुईणींना बारापुढे आकडे येत नव्हते. मग सर्चमध्ये श्वास मोजायचं एक साधन तयार झालं: एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. अक्षरओळख नसलेल्या बाईनं हातात धरून वापरायचं निदानयंत्र. पुढे १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. बाळ-बाळंतीण पहिले दिवस घराबाहेर पडत नाहीत, तेव्हा दवाखाना घरी न्यायचा, हे त्यामागचं साधं सूत्र. नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि २०११पासून ‘आशा’ताईंमार्फत घरच्या घरी बाळाची काळजी ही देशाची योजना झाली. प्रथा मोडायची अट घातली असती, तर त्या बाळांपर्यंत कोणी पोचलं नसतं.

वरोऱ्याच्या आनंदवनाकडे वेगळ्या कारणासाठी पाहायला हवं. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये सहा कुष्ठरुग्णांसह आनंदवन सुरू झालं. तेव्हाही औषध होतं. पण जंतू गेले तरी गाव परत घेत नाही, हे रुग्णांच्या बाजूनं पाहिलेलं सत्य आनंदवनाच्या पायाशी आहे, म्हणून तिथे दवाखान्याच्या जोडीला शेती, माग, शाळा आणि संसार उभे राहिले. २००५च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचं ‘उच्चाटन’ जाहीर झालं. म्हणजे दर दहा हजारांमागे रुग्ण एकाहून कमी. या दोन जिल्ह्यांत नवे रुग्ण त्यानंतरही सापडत राहिले. बधिर तळव्यांना जखम होऊ नये म्हणून सरकार त्यांना खास मऊ तळाच्या एमसीआर चपला देतं. त्या चपला चांगल्या असतात, पण बाजारात त्या घालून निघालं की चार माणसांना आजार कळतो. म्हणून त्या घरी खुंटीला राहतात आणि पाय अनवाणी शेतात जातात. या चपला इतर चपलांसारख्या दिसाव्यात, एवढी छोटी सुधारणा कितीतरी जखमा वाचवील.

औषधाच्या खिडकीवरही हेच. पट्टी कापून गोळ्या कागदाच्या पुडीत येतात, वर पेनानं १-०-१ लिहिलेलं असतं. कापलेल्या पट्टीवर नाव उरत नाही. दोन पांढऱ्या गोळ्या घरी पोचेपर्यंत एकमेकींसारख्या होतात. ‘जेवणानंतर’ हा शब्दही शहरातल्या दिवसाचा आहे. मोहफुलांच्या दिवसांत बाई पहाटे चारला जंगलात जाते, दुपारी पेज पिते, रात्री जेवते. तिच्या दिवसात सकाळचं जेवणच नाही. काही ठिकाणी पुडीवर सूर्य आणि चंद्र काढून देतात, तिथे चुका कमी होतात. रक्तदाबाची गोळी तर आणखी अवघड, कारण दुखत काहीच नसतं. गडचिरोलीतल्या ८६ गावांत सर्चनं मृत्यूंची कारणं शोधली, तेव्हा पहिल्या क्रमांकाला पक्षाघात निघाला, आणि त्यातले बहुतेक मृत्यू घरीच झाले होते. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मलेरिया आणि कुपोषणाच्या जिल्ह्यात आता रक्तदाबासारखा न दुखणारा आजार माणसं नेतो आहे. बरं वाटत असताना रोज गोळी का घ्यायची, या रास्त प्रश्नाला सावकाश उत्तर द्यावं लागेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रुग्णाची बाजू समजून घेणं म्हणजे ती प्रत्येक वेळी बरोबर मानणं असं नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावतो तेव्हा फारसं दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि पुजाऱ्याकडे गेलेले दोन तास जीव घेतात. तापलेल्या बाळाच्या पोटावर डागणं क्रूर आहे. हे थांबलंच पाहिजे. पण पुजारी मध्यरात्री दार उघडतो, गोंडीत बोलतो, सगळ्या घरादाराशी बोलतो आणि आजार का झाला याचं काहीतरी कारण देतो. त्याला शिव्या देऊन यातलं काही हलत नाही. कुरखेड्यात १९८४पासून काम करणारी डॉ. सतीश गोगुलवार यांची ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था वैदूंशी बोलत, त्यांच्या वनौषधींचं ज्ञान मान्य करत पुढे गेली, तो रस्ता मला अधिक टिकाऊ वाटतो. सापाच्या बाबतीत पुजाऱ्यानंच ‘आधी दवाखाना’ म्हटलं, तर गाव ऐकतं.

हक्कांच्या बाजूनं पाहिलं तर या रुग्णाच्या हाती फार कमी आहे. १९९५च्या व्ही. पी. शांता निकालात सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ती रुग्णालयं वगळली. म्हणजे जंगलातल्या गरिबाला जो एकमेव दवाखाना परवडतो, त्याच्याविरुद्ध ग्राहक म्हणून दाद नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रानं शुश्रूषागृहांचे नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणं खाजगी रुग्णालयांना बंधनकारक केलं. वाचता न येणाऱ्याला भिंतीवरची सनद काय देणार? त्यापेक्षा २००७पासून राज्यात सुरू झालेली लोकाधारित देखरेख मला मोलाची वाटते. गावकरी आपल्या आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल असा शेरा देत, आणि जनसुनवाईत डॉक्टर व अधिकाऱ्यांसमोर उभं राहून बाई सांगे की माझ्याकडून पैसे मागितले. ज्या तालुक्यांत हे टिकलं नाही तिथे ते पुन्हा सुरू करायला मोठा निधी लागत नाही.

वैद्यकीय शिक्षण आता दारात आलं आहे. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५पासून आहे, गडचिरोलीचं २०२४ मध्ये सुरू झालं. नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्यानं गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जायचं आहे. आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञ-मानववंशशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात रुग्णाला विचारायचे काही साधे प्रश्न सुचवले होते: तुम्हाला हे कशामुळे झालं असं वाटतं, याची सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, उपचारातून तुम्हाला काय हवं आहे. हे प्रश्न माडिया, गोंडी आणि झाडीबोलीत छापून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या वहीत द्यावेत, उत्तरं त्या घराच्याच शब्दांत लिहून घ्यावीत आणि परीक्षेत त्यांना गुण असावेत. सुरुवातीला सांगितलेला तो केसपेपरवरचा रकानाही त्याच महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आधी छापता येईल. ‘उशीर का झाला’ याचं उत्तर एक वर्षभर जरी नीट लिहून ठेवलं, तरी कुठल्या नाल्यावर पूल हवा, कुठल्या केंद्रात रात्री नर्स हवी आणि कुठल्या महिन्यात शस्त्रक्रियांच्या तारखा देऊ नयेत, हे जिल्हा परिषदेला त्या कागदांवरूनच कळेल.